पेटीच्या दारातल्या म्हाताऱ्या माश्या

माझ्या आत्याला दवाखान्यात सगळे सुईताई म्हणायचे. नोकरीची सगळी वर्षं तिने एकच काम केलं, लोकांचं रक्त काढलं. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी तिची छोटी खोली होती. एक उंच खुर्ची, हाताखाली घ्यायला रेक्झिनची उशी, रंगीत बुचांच्या नळ्यांचा स्टँड आणि खिडकीत एक कुंडी. शीर सापडत नाही म्हणून दुसऱ्यांनी हात टेकले की पेशंट तिच्याकडे पाठवला जायचा. ती त्याच्याशी भलत्याच विषयावर बोलायला लागायची. घरात कांदा कोण चिरतं, ही चप्पल कुठून घेतली, धाकटी मुलगी जास्त लाडकी की थोरली. पेशंट उत्तर शोधत असायचा तोवर नळी भरलेली. "झालं?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "केव्हाच! आता उठा, गप्पा मारायला माझी ना नाही, पण रांग बघा बाहेर."

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं आणि कुणी चहा पिऊन आला, तर तो कितीही मोठा माणूस असो, ती त्याला परत पाठवायची. "मशीन खोटं बोलत नाही हो," ती म्हणायची, "पण आपणच त्याला भलतं रक्त दिलं, तर ते बिचारं खरं बोलूनही आपल्याला फसवणार."

तिच्या निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं आणि माझे बाबा गेले. बाबा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सुतारकाम करायचे. वर्कशॉपच्या मागे, भिंतीच्या सावलीत त्यांच्या मधमाश्यांच्या दहा-बारा पेट्या होत्या. पेट्या त्यांनीच केलेल्या. सांधे असे की बोट फिरवलं तरी कळू नये. आम्हा मायलेकींना माश्यांमधलं ओ का ठो कळत नव्हतं. आई तर त्या बाजूची खिडकीसुद्धा उघडायची नाही. "कुणाला तरी देऊन टाकू," ती म्हणाली, "निदान नीट सांभाळल्या तरी जातील."

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. एका सकाळी चहाचा कप घेऊन ती पेट्यांसमोर जाऊन बसली आणि तिथेच तिने दुपार केली. आत आली ती नाकावर डंख घेऊन.

"वहिनी, पेट्या कुठे द्यायच्या नाहीत," ती सुजलेल्या नाकातून म्हणाली. "मी बघते त्यांचं."

"अहो वन्सं, साधं झुरळ दिसलं तरी तुम्ही टेबलावर चढता!"

"झुरळाला दादाने घर बांधून दिलं नव्हतं."

आईने तिच्या नाकाला लावायला हळद आणली.

शिकवायला पोस्टमनकाका होते. बाबांचे जुने मित्र, त्यांच्याही घरामागे पेट्या होत्या. आयुष्यभर सायकलवरून पत्रं वाटलेला माणूस, त्यामुळे चालायचेही जरा पुढे वाकूनच. त्यांनी आत्याला धूर कसा सोडायचा, पोळ्याची चौकट कशी उचलायची, राणीमाशी कशी ओळखायची, मध कधी काढायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी काढायचा नाही, हे सगळं न कंटाळता दाखवलं. पहिले काही महिने तिचे हात कायम सुजलेले असायचे. त्यांवर बर्फ लावत ती म्हणायची, "अख्ख्या दुनियेला मी टोचलं. आता सगळ्यांच्या वतीने बदला घ्यायला या माश्या नेमल्यात." हळूहळू सूज कमी झाली. तिचा हात मुळातच हलका. माश्यांनाही तो कळला असावा.

दोन वर्षं सगळं छान चाललं. तिसऱ्या वर्षी थंडी लांबली, हवा ओलसर राहिली, आणि थंडी सरता सरता पेट्यांपुढे काहीतरी बिनसल्याचं दिसायला लागलं. माश्या उडायच्या ऐवजी गवतात सरपटत होत्या. पेट्यांच्या तोंडावर तपकिरी डाग पडले होते. सकाळी कामाला गेलेल्यांपैकी परत येणाऱ्या कमी. पोस्टमनकाकांनी वाकून डाग पाहिले आणि चष्मा पुसला.

"ताई, पोटाचा आजार वाटतोय. परजीवी असतो एक, डोळ्यांना दिसत नाही. माशीच्या आतड्यात वाढतो. पण नुसत्या डागांवरून सांगता येत नाही. तपासून घ्यायला हवं."

शेजारच्या शहरातल्या शेती कॉलेजात मधमाश्यांची प्रयोगशाळा होती. फोन केला तेव्हा तिथल्या शिपायाने सांगितलं, प्रत्येक पेटीतल्या मूठभर माश्या स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवा. कुठल्या माश्या, हे त्याने सांगितलं नाही. आमच्याही डोक्यात आलं नाही.

आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उघडल्या. मधली चौकट, जिथे पिल्लं वाढत असतात, ती उचलली. तिथे माश्या दाटीने बसलेल्या असतात आणि स्वभावानेही शांत. राणी त्यात नाही ना हे तिने दोनदा पाहिलं आणि माश्या बाटल्यांत घेतल्या. प्रत्येक बाटलीवर दवाखान्यातल्या सवयीने ठळक अक्षरात पेटीचा नंबर आणि तारीख. बघत राहावं असं नीटनेटकं काम.

निकाल फोनवरच कळला. संसर्ग जवळजवळ नाही.

पोस्टमनकाकांनी त्या दिवशी आमच्याकडे दोनदा चहा घेतला. पण माश्यांना निकाल कुणी कळवला नव्हता. त्या मरतच राहिल्या. एक पेटी उघडली तर आत राणी, तिच्याभोवती ओंजळभर माश्या, बाकी सगळं सुनं. आत्याने झाकण परत लावलं.

"आजार नाही म्हणतात, आणि माश्या जातायत," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "म्हणजे चूक माझ्याच हाताची. दादाच्या हाताखाली यातलं एकही घर असं ओस पडलं नसतं. पोस्टमनकाकांना सांगते, राहिलेल्या पेट्या घेऊन जा."

आईने तिच्या ताटात भात वाढला. "वन्सं, घाई नका करू," एवढंच म्हणाली. हीच आई पेट्या देऊन टाकू म्हणत होती. पण आत्याने आधीच फोन केला होता. काका रविवारी टेम्पो घेऊन येणार होते.

रविवार यायच्या आत कॉलेजातून फोन आला. आत्या मटार सोलत होती, हात गुंतलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडे एका बाईंचा आवाज, सर्दीने बसलेला. त्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर होत्या.

"ताई, तुमच्या बाटल्या मी तपासल्या. निकाल तुम्हाला मिळाला असेल. तसा तो बरोबर आहे. पण मला चैन पडेना म्हणून फोन केला. तुम्ही माश्या पेटीत कुठून घेतल्या?"

"मधल्या चौकटीवरून. का हो?"

"तेच म्हटलं. सगळ्या तरुण आहेत. अंगावरची लव तशीच आहे, पंख अगदी कोरे. एकही झिजलेला पंख नाही. या माश्या अजून घराबाहेरच पडलेल्या नाहीत."

आत्याने मटार सोलायचं थांबवलं.

"हा परजीवी माशी जन्मते तेव्हा तिच्यात नसतो," बाई सांगत होत्या. "पुढे घर साफ करताना, एकमेकींना भरवताना तो पोटात जातो आणि वाढायला दिवस लागतात. म्हणजे जितकी माशी म्हातारी, तितकी शक्यता जास्त. बाहेर फुलांवर जाणाऱ्या असतात ना, त्यांच्यात बघायचं. आपण जे केलं ते म्हणजे बालवाडीत जाऊन गावात गुडघेदुखीचे किती, हे विचारल्यासारखं झालं."

आत्या आधी फिसकन हसली. मग तिने कपाळावर हात मारला, मटाराचं साल कपाळालाच चिकटलं.

"अहो मॅडम, तीस वर्षं मी दवाखान्यात रक्त काढलं! चहा पिऊन आलेल्या माणसाला मी दारातून हाकललंय. आणि माश्यांच्या बाबतीत मीच चहा पिऊन आले!"

पलीकडून खोकला आणि हसू एकदमच ऐकू आलं. "तुमची चूक नाही. कुठून घ्यायच्या हे आम्हीच सांगायला हवं होतं. पुन्हा नमुना पाठवाल का? या वेळी दारातून घ्या. भर दुपारी पेटीचं दार बंद करायचं. बाहेर गेलेल्या परत आल्या की दारापाशी जमतात. त्या घ्यायच्या."

फोन ठेवल्यावर आत्याने लगेच पोस्टमनकाकांना लावला. "टेम्पो नको," ती म्हणाली. "तुम्ही या मात्र."

ती दुपार मला लख्ख आठवते. ऊन चांगलं होतं. आत्याने फोमच्या पट्ट्या कापल्या आणि त्या खुपसून एकेका पेटीचं दार बुजवलं. थोड्याच वेळात बाहेरून माश्या यायला लागल्या. काहींच्या पायांना परागाचे पिवळे गोळे, काही नुसत्याच दमून आलेल्या. दार बंद बघून त्या लाकडावर बसायच्या, इकडून तिकडे चालायच्या, पुन्हा दाराशी यायच्या. जवळून पाहिल्यावर बाई काय म्हणत होत्या ते मलाही कळलं. या माश्यांची पाठ काळी चकचकीत झाली होती, लव गळलेली, पंखांच्या कडा जुन्या पडद्यासारख्या विरलेल्या.

आत्या बाटली घेऊन वाकली आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दवाखान्यात कसं होतं, रक्त घेतलं की कापूस दाबायचा, जा म्हणायचं, माणूस उठून घरी जायचा. इथे आपण यांना घरी जाऊ देणार नाही. आणि या तर घरीच चालल्यात गं. दाराशी आल्यात."

आत्याने तिथूनच फोन लावला. "मॅडम, थोड्या कमी चालतील का? दहा-बारा?"

"थोड्या घेतल्या तर त्यात आजारी सापडेलच असं नाही, ताई," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नाहीत की हसल्या नाहीत. "मग पुन्हा 'काही नाही' असं उत्तर येईल आणि त्या दहा-बारा फुकट जातील. साठेक तरी घ्या. या माश्यांचं आयुष्य तसंही आता काही दिवसांचंच उरलंय. पण त्यांच्यामुळे मागच्या हजारो वाचतील."

आत्याने मान हलवली. फोनवर ती दिसत नव्हती, तरी हलवली. मग बाटली दाराला लावून, मऊ ब्रशने, एकीलाही न चिरडता तिने माश्या आत घेतल्या. बाटल्या आधी फ्रीजरमध्ये ठेवायच्या असं तिनेच ठरवलं. थंडीने त्या गुंगतात, मग स्पिरिट. फ्रीजरचं दार लावताना ती हळूच काहीतरी म्हणाली. मी विचारलं तर म्हणाली, "थँक यू म्हटलं. पेशंटला म्हणायचे, यांना नको?"

या वेळी बाटल्या पाठवायच्या नाहीत, आपण स्वतः घेऊन जायच्या, असं तिने जाहीर केलं. मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी बसने निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत बाटल्या, आणि खड्डा आला की आत्याचे दोन्ही हात पिशवीवर.

प्रयोगशाळा म्हणजे एका लांब व्हरांड्याच्या टोकाची खोली. आत स्पिरिटचा वास, कोपऱ्यात जुना फ्रीज, खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, स्वेटर आणि वर शाल. आम्हाला बघून त्या गोंधळल्याच.

"तुम्ही स्वतः आलात?"

"तुम्ही स्वतः फोन केलात ना, मग?" आत्या म्हणाली, आणि बाबांच्या पेट्यांतल्या मधाची बरणी टेबलावर ठेवली.

बाईंनी आमच्यासमोरच काम सुरू केलं. एका पेटीतल्या माश्यांची पोटं पाण्यात खलली, गाळली आणि तो थेंब एका जाड काचेवर सोडला. काचेवर बारीक चौकोन आखलेले होते. ती काच पाहिल्यावर आत्या खुर्चीतून उठलीच.

"अहो, ही तर आमची! आमच्या लॅबमधले लोक पूर्वी यावर रक्तातल्या पेशी मोजायचे!"

"तीच," बाई म्हणाल्या. "इथे आम्ही त्या परजीवीचे बीजाणू मोजतो. या, बघा."

आत्याने डोळा लावला. मग मला बोलावलं. काळपट पसाऱ्यात चकाकणारे लांबट दाणे होते, कुणी मूठभर तांदूळ सांडावेत तसे. एकेका चौकोनात कितीतरी.

"एवढं सगळं पोटात घेऊन ती फुलांवर जात होती?" आत्या म्हणाली.

"हो. जमेल तोवर जातात."

बाईंनी मग समजावलं की अशा सगळ्या माश्या एकत्र खलल्या की पेटीत आजार सरासरी किती, एवढंच कळतं. मोजक्या माश्यांत खच्चून भरलाय की सगळ्यांत थोडा थोडा पसरलाय, हे कळायचं असेल तर एकेक माशी वेगळी तपासावी लागते. ते फार वेळखाऊ काम. तरी दोन पेट्यांसाठी त्यांनी ते केलं. आम्ही जेवायच्या सुट्टीत डबा खाल्ला, त्या परत येऊन पुन्हा काचेला डोळा लावून बसल्या. संध्याकाळच्या बसच्या आधी चित्र स्पष्ट झालं. बहुतेक पेट्यांत संसर्ग भरपूर होता, आणि एकेक करून तपासलेल्या माश्यांत तो निम्म्याहून जास्त जणींच्या पोटात निघाला. दोन पेट्यांत मात्र अगदी कमी, आणि त्या दोन्ही भिंतीच्या टोकाला, उन्हात असलेल्या.

"औषधावर फार विसंबू नका," बाई म्हणाल्या. "पेट्या ओलीतून काढा, उन्हात ठेवा. जुनी काळी पोळी बाद करा, त्यांच्यात बीजाणू राहतात. जिथे राणी थकली असेल तिथे नवी द्या. आणि काही दिवसांनी पुन्हा दारातूनच नमुना घ्या. मागचा आणि पुढचा एकाच जागचा असला तरच तुलना करता येते."

निघताना आत्या दारात थांबली. "मॅडम, तुम्ही फोन केला नसता तर मी रविवारी पेट्या देऊन टाकल्या असत्या. निकाल तर लागला होता. तुमचं काम झालं होतं. तरी तुम्ही त्या मेलेल्या माश्यांचे पंख बघितलेत."

बाई ओशाळल्यासारख्या झाल्या. शाल सारखी करत म्हणाल्या, "ताई, इथे बाटल्या येतात. माणसं येत नाहीत. इतक्या वर्षांत आभार मानायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"मला माहितीये," आत्या म्हणाली. "माझ्याकडे नुसते हात यायचे. बरं झालं की लोक डॉक्टरांना पेढे द्यायचे. द्यायलाच हवेत, माझी तक्रार नाही. पण म्हणूनच आले."

बसमध्ये ती रिकाम्या पिशवीची घडी करून खिडकीशी बसली. चेहरा असा होता की जणू तिचाच रिपोर्ट चांगला आलाय.

पुढचं सोपं नव्हतं. जुनी पोळी बाबांच्या काळातली होती. काही चौकटींवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. आत्याने त्या एकेक करून काढल्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात रचल्या. काडी आईने ओढली. "तुम्ही नका, वन्सं," ती म्हणाली, "तुमच्याच्याने व्हायचं नाही." मेण वितळून जळायला लागलं तसा सगळीकडे गोड, जड वास पसरला. दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. धूर डोळ्यांत गेला असं दोघींनी आपापलं सांगितलं.

आणखी दोन पेट्या गेल्या. बाकीच्या तगल्या. फुलांचा मोसम भरात आला तेव्हा दाराशी पुन्हा गर्दी व्हायला लागली, आणि आत्याने फोमच्या पट्ट्यांनी दारं बुजवून पुन्हा नमुने घेतले. या वेळी काचेवरच्या चौकोनांत दाणे शोधावे लागत होते. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा आत्याने मला मिठी मारली, आईला मारली आणि पोस्टमनकाका पुढे आले तर त्यांच्याशी हात मिळवला.

त्यानंतर बाईंनी तिला सोडलंच नाही. प्रयोगशाळेला कुणाकडूनही माश्यांचा नमुना मागवायचा असला की त्या आधी त्याला आत्याचा नंबर द्यायच्या. आत्या मग पोस्टमनकाकांच्या मागे स्कूटरवर बसून आसपासच्या माश्यावाल्यांकडे जायची, दार कसं बुजवायचं, म्हातारी माशी कशी ओळखायची ते दाखवायची. बालवाडी आणि गुडघेदुखीची गोष्ट ती प्रत्येक ठिकाणी सांगायची, आणि दर वेळी आधी सांगायची की ही चूक माझी. लोक हसायचे आणि पुढे विसरायचे नाहीत. कुणी तिचे आभार मानले की ती सरळ डॉक्टरबाईंचा पत्ता द्यायची. "मला नको, तिकडे जा. स्वतः जा हं, फोन नको." आणि काहीजण खरंच जायचे. बाईंच्या टेबलावर आता मधाच्या इतक्या बरण्या जमतात की त्या म्हणतात, "ताई, मला मधुमेह करूनच थांबणार का?"

बाबा गेल्यावर आमचं घर फार शांत झालं होतं. आत्याच्या हट्टाने त्या घरात पुन्हा माणसांची ये-जा सुरू झाली. कुणी बाटली घेऊन येतं, कुणी राणी मागायला येतं. आईची ती खिडकी आता दिवसभर उघडी असते. मी हे कधी आत्याला नीट म्हटलेलं नाही, कारण ती लगेच विषय बदलून कांदा कोण चिरणार ते विचारते. म्हणून इथे लिहिते. आत्या, तू राहिलीस, त्याचं आमच्यावर फार मोठं ऋण आहे.

परवाच्या रविवारी डॉक्टरबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला म्हणून आल्या होत्या. जेवणं झाली, सगळे अंगणात बसले, आणि एका पेटीतून माश्यांचा मोठा झोत बाहेर पडला. पेटीत गर्दी मावेना की जुन्या राणीला घेऊन अर्ध्या माश्या नवं घर शोधायला निघतात, तसाच तो थवा. आकाशात भोवरा झाला, घुमला, आणि झाडं-झुडपं सगळं सोडून पोस्टमनकाकांच्या स्कूटरच्या सीटवर उतरला. बघता बघता सीट दिसेनाशी झाली.

"अहो, मला पाच वाजता नातवाला क्लासला सोडायचंय!" काका म्हणाले.

"रिक्षाने सोडा," आत्या म्हणाली. ती केव्हाच रिकामी पेटी आणायला वर्कशॉपकडे निघाली होती. डॉक्टरबाई शाल खोचून तिच्या मागोमाग. उन्हं उतरेपर्यंत त्या दोघी स्कूटरपुढे स्टूल टाकून बसल्या होत्या, माश्या आपल्या आपण पेटीत शिरायची वाट बघत, आणि मधूनमधून एकमेकींना पंख दाखवत.